गेट किती वाजता बंद होतं? वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त बीएसएफवाल्याची उत्तरं

मागच्या अंकात मी बांगलादेश बॉर्डरवर लिहिलं आणि संपादकांनी खाली मला न विचारताच "प्रश्न असतील तर पाठवा" असं टाकून दिलं, त्यामुळं आता माझा फोन दिवसभर टुणटुण करतोय. बीएसएफमध्ये, म्हणजे सीमा सुरक्षा दलात होतो, नोकरीची बरीच वर्षं पश्चिम बंगालच्या कूचबिहार आणि मालदा भागात गेली, आता माणमध्ये गावी डाळिंबाची बाग बघतो. वकील नाही, पुढारी तर नाहीच नाही. डोळ्यानं बघितलंय तेवढं सांगतो, कायद्याचं जिथं आहे तिथं कायदा वाचून सांगतो, आणि ज्यांनी नुसत्या शिव्या पाठवल्यात त्यांना लांबनंच रामराम.

प्रश्न: साहेब, आपण चंद्रावर यान उतरवतो मग साधं कुंपण का पुरं होत नाही? इच्छाशक्ती नाही का? (एक वाचक, लातूर)

इच्छाशक्ती हा शब्द पेपरात फार स्वस्त झालाय. आधी आकडे बघा. बांगलादेशबरोबरची सीमा ४,०९६ किलोमीटर, त्यातली एकट्या पश्चिम बंगालात २,२१७. २०२५ च्या सुरुवातीला सरकारनं संसदेत सांगितलं की साधारण ८६४ किमीवर अजून कुंपण नाही, आणि त्यातल्या १७४ किमीवर ते घालणं शक्यच नाही. शक्य नाही म्हणजे नदी, दलदल, खचणारी जमीन. आसामात धुबरीला ब्रह्मपुत्रा बघितलीत तर कळेल, पलीकडचा काठ दिसत नाही असली नदी, मधे वाळूची बेटं, तिकडं त्याला चर म्हणतात, ती या पावसाळ्यात इथं तर पुढच्या पावसाळ्यात भलतीकडंच, खांब रोवणार कुठं? तिथं २०१९ ला ६१ किमीच्या पट्ट्यात कॅमेरे, सेन्सर वगैरे बसवले. बाकी बऱ्याच ठिकाणी घोडं अडलंय ते जमिनीवरनं, आणि भूसंपादन म्हणजे काय भानगड असते हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट, जी इकडं कुणाला माहीतच नसते. कुंपण म्हणजे सीमा नव्हे. १९७५ ला दोन्ही देशांत ठरलं की रेषेपासून १५० यार्डांच्या आत कुणी संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही, त्यामुळं आपलं फेन्सिंग बहुतेक ठिकाणी तेवढं आत, आपल्याच जमिनीत आहे. मग तार आणि झिरो लाइन, म्हणजे खरी सीमारेषा, यांच्या मधे जे उरलं ते सगळं भारतच की, शेतं भारताची, काही ठिकाणी तर घरंदारं, देऊळ, मशीद सगळं भारताचं, फक्त तारेच्या पलीकडं. त्या लोकांसाठी गेट असतात.

सकाळी गेटवर रांग लागते. म्हातारा येतो, मतदार कार्ड जमा करतो, रजिस्टरला नोंद होते, बैल दोन, नांगर एक, युरिया अर्धं पोतं, जेवणाचा डबा. संध्याकाळी परत मोजायचं, बैल दोनच आले पाहिजेत आणि युरियाचं पोतं रिकामं आलं पाहिजे. खत जास्त नेलं तर तिकडं विकतो का काय असा संशय, कमी नेलं तर पीक बसतं. आम्ही सांगायचो बाबा तारेजवळ ताग लावू नको, कारण ताग डोक्याच्या वर जातो आणि आत माणूस उभा राहिला तरी दिसत नाही, आणि तो मला विचारायचा की साहेब, ताग सोडून इथं पैसा कशात आहे तेवढं सांगा. आपल्याच रानात जायला रोज ओळखपत्र गहाण ठेवणारा शेतकरी दुसरीकडं कुठं बघितलाय का तुम्ही?

आणि हो, २०२३ ला नदिया जिल्ह्यात एका बटालियननं तारेवर मधमाश्यांच्या पेट्या टांगल्या. तार कापायला आला त्याला डंख आणि गावकऱ्यांना मध. मला कॅमेऱ्यापेक्षा ती आयडिया जास्त आवडली, खोटं कशाला बोलू.

प्रश्न: आमच्या सोसायटीत रंगाचं, फरशीचं काम करणारी पोरं बंगाली बोलतात. आधार सगळ्यांकडे आहे. यांना भारतीय समजायचं का बांगलादेशी? (सोसायटीचे सेक्रेटरी, पिंपरी-चिंचवड)

सेक्रेटरीसाहेब, तुम्ही काहीच समजू नका, ते तुमचं काम नाही. आधार हे राहण्याचं कार्ड आहे, मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथं राहिलेल्या माणसाला मिळतं, आणि हा नागरिकत्वाचा पुरावा नाही असं आधारच्या कायद्यातच लिहिलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं ठाण्याच्या एका केसमध्ये जामीन नाकारताना हेच सांगितलं, आधार, पॅन, मतदार कार्ड नुसतं खिशात आहे म्हणून माणूस नागरिक ठरत नाही.

मग ठरतो कशानं? जन्माच्या तारखेनं. २६ जानेवारी १९५० किंवा नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी इथं जन्मला असेल तर जन्म पुरे. १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मला असेल तर आई किंवा बाप, एकजण तरी भारतीय पाहिजे. आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नको. म्हणजे आज विशीतल्या पोराला स्वतःचं नाही तर आईबापाचं सिद्ध करावं लागतं. आता मला सांगा, तुमच्या सोसायटीत कितीजणांकडे आईचा जन्मदाखला आहे? माझ्या बायकोचा शोधायला चार दिवस गेले आणि शेवटी सापडला तो ज्वारीच्या कणगीमागं ट्रंकेत, त्यावर नाव चुकलेलं.

राहिलं भाषेचं. आपल्या जत तालुक्यात घरोघरी कन्नड बोलतात, म्हणून काय ते कर्नाटकचे झाले? मालदा, मुर्शिदाबादची पोरं पिढ्यानपिढ्या बाहेर कामाला जातात, ती बंगालीच बोलणार. आणि ही चूक शिकल्यासवरलेल्या माणसाकडनं पण होते, माझ्याकडनं झालीय. नवीन होतो, पहाटे तारेजवळ एक माणूस धरला, बोली अशी की आमच्या पोरांपैकी कुणाला धड कळेना, मी म्हणलं पलीकडचाच. दुपारी त्याची बायको जमिनीचा खतियान, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखा कागद, घेऊन आली, त्याच्या आजोबाच्या नावाचा, आणि तो आमच्या पोस्टपासनं दीड किलोमीटरवरचा निघाला. पहाटे परसाकडला गेला होता बिचारा.

जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातनं उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर असेच सीमेपार ढकलले गेले आणि ते भारतीय आहेत म्हणून परत आणायची वेळ आली. तेव्हा तुम्ही एवढंच करा, कामगारांची नोंद पोलिस ठाण्यात द्या, कॉन्ट्रॅक्टरकडनं कागदांच्या कॉप्या घ्या, आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्या पोरांचे फोटो फिरवू नका.

प्रश्न: छिटमहाल म्हणजे नक्की काय होतं? मुलांना शिकवायला सोपं करून सांगा. (एक शिक्षिका, गडहिंग्लज)

बाई, सोपं करणं अवघड आहे. आपल्या गावाच्या मधोमध शेजारच्या गावाचं एक शेत असतं की नाही, तसं इथं देशांचं होतं. बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ तुकडे आणि भारताच्या पोटात त्यांचे ५१. एक तर असं होतं की बांगलादेशात भारत, त्या भारतात परत बांगलादेश, आणि त्या बांगलादेशात परत एक भारताचं शेत, दहाला खागराबाडी नाव त्याचं. इंदिराबाई आणि मुजीबूर रहमान यांनी १९७४ ला करार केला आणि अदलाबदल प्रत्यक्षात झाली ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी, त्यासाठी घटनेत शंभरावी दुरुस्ती करावी लागली.

पण मुलांना हे सांगा. आपल्या बाजूच्या छिटात, म्हणजे भारताच्या पोटातल्या त्यांच्या तुकड्यात, राहणाऱ्या पोराला भारतातल्या शाळेत घालायचं तर तो कागदोपत्री परदेशी. मग आईबाप काय करायचे, शेजारच्या भारतीय गावातल्या ओळखीच्या माणसाला बाप म्हणून लावायचे. दाखल्यावर बाप एक, घरी बाप दुसरा. २०१५ ला ते एका रात्रीत भारतीय झाले, मेणबत्त्या लावल्या, झेंडे लावले, आणि सकाळी प्रश्न उभा राहिला की आता खरा बाप कागदावर आणायचा कसा. वरच्या सेक्रेटरीसाहेबांनी हे पण वाचावं.

प्रश्न: पकडले की लगेच पाठवून द्या ना. आमच्या टॅक्सवर जेलात कशाला पोसता? (एक संतप्त वाचक, अकोला)

पाठवायचे कुठं? एसटीत बसवून दिलं असं नसतं ते. आपण म्हणतो हा तुमचा, तर समोरच्या देशानं हो म्हणावं लागतं. नाव, गाव, ठाणं त्यांच्या हायकमिशनला कळवायचं, मग त्यांचे पोलिस त्या पत्त्यावर जाणार, कुणी ओळखतंय का बघणार, मग तिकडनं हो आलं की प्रवासाचा कागद बनतो आणि बॉर्डरवर दोन्हीकडचे अधिकारी समोरासमोर उभं राहून माणूस ताब्यात देतात. पत्ता खोटा सांगितला असला, किंवा तिकडची फाइल कुणाच्या तरी टेबलावर पडली असली, की शिक्षा संपून पण तो आत. भाकरी आपलीच.

दुसरा मार्ग म्हणजे रात्री गेटमधनं पलीकडं ढकलायचं. पलीकडं बीजीबी म्हणजे बांगलादेशची सीमेवरची फौज उभी असते, ती परत इकडं ढकलते, आणि मग बायापोरं घेऊन माणसं झिरो लाइनवर पावसात बसून राहतात, कुणाचीच नाहीत म्हणून. २०२५ च्या मे-जूनमध्ये पेपरात वाचलं असेल तुम्ही. मी ते काम कसं वाटतं ते सांगणार नाही, पण हुकूम देणारा तिथं नसतो एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न: आमच्या पाड्यातली माणसं गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जातात आणि पाकिस्तानात अडकतात. शिक्षा संपली तरी सोडत नाहीत, असं का? (एक वाचक, डहाणू)

अकोल्याच्या भाऊंनी हा प्रश्न नीट वाचावा, कारण प्रश्न एकच आहे, फक्त बाजू फिरलीय. ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटीवर आपल्या पालघर जिल्ह्याची माणसं असतात. समुद्रात सीमेचा पिलर नसतो. कच्छजवळच्या सर क्रीक खाडीचा वाद तर मिटलेलाच नाही, त्यामुळं रेषा नकाशावरच भांडणात आहे, आणि मासा जिकडं जातो तिकडं तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बोट नेतो. पकडले की कराचीत शिक्षा होते ती काही महिन्यांची, पण सुटायला आपल्या सरकारनं "हा आमचा" असं सांगावं लागतं, त्यासाठी फाइल डहाणूच्या पाड्यापर्यंत येऊन परत जायची, आणि दोन्ही देशांचं पटत नसलं की त्यात वर्षं जातात. २००८ च्या करारानं दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, त्या यादीत नाव आलं का हे पहिलं बघा.

आणि घरी एक पिशवी करून ठेवा, मच्छीमार ओळखपत्र, आधार, रेशनकार्डाची कॉपी, फोटो, बोटीचा रजिस्टर नंबर आणि मालकाचा फोन. माणूस समुद्रावर गेला की ही पिशवीच त्याच्यासाठी बोलते.

प्रश्न: बीएसएफचा आणि नागपूरचा संबंध आहे असं ऐकलं, खरं का? (एक वाचक, नागपूर)

खरं. एप्रिल १९६५ ला पाकिस्तानी फौजेनं कच्छमध्ये सरदार पोस्टवर हल्ला केला, तोपर्यंत सीमा त्या त्या राज्याच्या पोलिसांकडं होती. मग १ डिसेंबर १९६५ ला बीएसएफ झाली आणि पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी, तुमच्या कामठीचे. याच माणसानं निवृत्तीनंतर बिहारच्या जेलात खटल्याविना सडणाऱ्या कैद्यांवर लिहिलं, शिक्षा जेवढी झाली असती त्यापेक्षा जास्त दिवस आत काढलेली माणसं होती ती, आणि त्यातनं १९७९ ची सुप्रीम कोर्टातली गाजलेली जनहित याचिका उभी राहिली. वरचे दोन प्रश्न त्यांना विचारले असते तर बरं झालं असतं.

प्रश्न: आमच्या हापूसच्या बागेत दरवर्षी राखणीला नेपाळी गुरखे असतात. २०२५ च्या नवीन इमिग्रेशन कायद्यानं त्यांना व्हिसा लागतो का? (बागायतदार, रत्नागिरी)

नाही. १९५० च्या तहानं नेपाळचा माणूस इथं राहू शकतो, काम करू शकतो, व्हिसा नाही, आणि नेपाळमधनं थेट येत असेल तर पासपोर्ट पण नाही, आपल्यालाही तिकडं तसंच. १,७५१ किमीची उघडी सीमा आहे ती, एसएसबी, म्हणजे सशस्त्र सीमा बल, बघते. पण पोलिस ठाण्यात नोंद द्या आणि त्यांच्या नागरिकता कार्डाचा फोटो ठेवा. संशयासाठी म्हणत नाही मी. वानरं हाकलताना कुणी झाडावरनं पडला तर त्याच्या घरी कळवायला तुमच्याकडे एक नंबर तरी पाहिजे ना, निम्म्या बागांत तो नसतो.

प्रश्न: म्यानमार सीमेवरची मुक्त ये-जा बंद केली म्हणजे नक्की काय? परीक्षेला येतंय. (स्पर्धा परीक्षा देणारी, पुणे)

तिकडं माझी ड्युटी नव्हती, ते आसाम रायफल्सकडं, म्हणून थोडक्यात. सीमा १,६४३ किमी. दोन्हीकडच्या डोंगरी लोकांना १६ किमीपर्यंत व्हिसाविना जाता यायचं. फेब्रुवारी २०२४ ला गृहमंत्र्यांनी ते बंद करणार म्हणून जाहीर केलं, कारण मणिपूरची परिस्थिती आणि अमली पदार्थ, पण मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी विरोधात ठराव केले, आणि शेवटी १० किमी आणि हातात बॉर्डर पास असं झालं. नागालँडमध्ये लोंगवा गाव आहे, तिथल्या आंगचं, म्हणजे राजाचं, घरच दोन देशांत आहे. पेपरात आकडे लिही, पण ते घर डोक्यात ठेव.

प्रश्न: २०२५ चा नवा इमिग्रेशन कायदा ही खरी सुधारणा आहे का? तुम्ही असता तर काय बदललं असतं? (एक निवृत्त तहसीलदार, बार्शी)

१९२०, १९३९, १९४६ आणि २००० असे चार जुने कायदे मोडून एक केला, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू. हे बरंच झालं, इंग्रजांनी महायुद्धांच्या आगेमागे केलेली कलमं आम्ही अजून वापरत होतो. विनाकागद घुसला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खोटा पासपोर्ट वापरला तर दोन ते सात वर्षं. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेल, होमस्टे सगळ्यांनी २४ तासांत ऑनलाइन कळवायचं, मालवणच्या एका ताईंनी वेगळं विचारलं होतं त्यांचं उत्तर इथंच आलं.

माझा आक्षेप काय, तर मी भारतीय आहे हे त्या माणसानंच सिद्ध करायचं, ते १९४६ चं तसंच उचलून ठेवलंय. आणि निर्वासित कोण हे आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातनं ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती यांना या शिक्षेतनं वगळलं, श्रीलंकेच्या नोंदणी झालेल्या तमिळांना वगळलं, म्हणजे आदेश काढून काढून चाललंय. उद्या आदेश बदलला की माणूस परत उघडा.

मी असतो तर एकच केलं असतं, पडताळणीला मुदत. आपल्या राज्यांना केंद्रानं ३० दिवसांची घातलीय, पण समोरच्या देशाला कोण घालणार? ढाक्याशी आणि इस्लामाबादशी बसून असा करार करा की नाव आलं की इतक्या दिवसांत हो किंवा नाही, आणि आपण पण तेवढ्याच दिवसांत. यात भाषणाला काही नाही, उद्घाटनाला फीत नाही, म्हणून होत नाही. कुंपणाचे फोटो चांगले येतात.

प्रश्न: काका, तुमचं ते गेट किती वाजता बंद होतं? आणि कुणी बाहेर राहिलं तर? (इयत्ता सहावीची विद्यार्थिनी, म्हसवड)

बाळा, प्रत्येक पोस्टची वेळ वेगळी, आमचं साधारण सकाळी सहाला उघडायचं आणि संध्याकाळी सहाला बंद, थंडीत धुकं पडलं की लवकर. बाहेर राहिलं तर रात्री तिकडंच. पण कुणी आजारी पडलं, बाळंतीण अडली, तर गार्डला हाक मारायची, तो वायरलेसवर विचारतो आणि उघडतो. विचारण्यात वेळ जातो, ते खरंय.

एकदा तारेच्या बाहेरच्या वाडीतलं लग्न होतं. नवरा आतल्या गावचा. सहाच्या आत पाठवणी करतो म्हणाले होते, पण लग्नघरचं तुला माहितीय, नऊ वाजले. गेटवर नवरी रडतेय, तिची आई तारेला धरून रडतेय, बँडवाले थंडीनं काकडलेत, आणि आमचा सिकरचा नवा पोरगा टॉर्च तोंडात धरून रजिस्टर लिहितोय, वऱ्हाडी २३, ट्रंका २, पितळी कळशी १, नवरी १. शेवटी माझ्याकडं बघून म्हणतो, सर, नवरीच्या पुढं परत यायची वेळ काय लिहू? मी म्हणलं सोड रिकामं. चौथ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन माहेरी जायला आली, तेव्हा त्यानं स्वतःहून ते पान काढलं आणि त्या जागी लिहिलं, सकाळी ८ वाजून १० मिनिटं.